तहात जन्मलेले घोडदळ

भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या बेचक्यात इंदापूर तालुका वसलेला आहे. नीरा-नरसिंहपूर येथे या नद्यांचा संगम होतो आणि तेथेच हा प्रदेश संपतो. वरकुट्यासारख्या गावांच्या शिवारात आज ऊस, डाळिंब आणि द्राक्षांच्या बागा दिसतात. उजनीच्या पाण्याने माळरानांचा चेहरामोहरा बदलून टाकला आहे. परंतु दोनशे वर्षांपूर्वी या भूमीची ओळख वेगळ्याच पिकासाठी होती. ते पीक म्हणजे घोडे. भीमेच्या थडीवर, म्हणजे काठावर, वाढलेले बुटके, काटक, कमी चाऱ्यावर निभावणारे आणि डोंगरात व सपाटीवर सारख्याच चालीने धावणारे तट्टू मराठी फौजेचा कणा होते. ब्रिटिश काळात बारामतीचा परिसर ज्या तालुक्यात येई, त्याचे नावही ‘भीमथडी’ असेच होते. महाराष्ट्राच्या राज्यगीतात या घोड्यांचा उल्लेख येतो, तो उगाच नव्हे.

याच मुलखातील घोडे आणि स्वार यांच्याशी निगडित असलेली, इतिहासाच्या पुस्तकांत दोन-चार ओळींत संपणारी एक गोष्ट आहे. इ.स. १८१७ मध्ये एका तहाच्या कलमातून एक घोडदळ जन्माला आले. त्याचे नाव ‘पुणे सहायक घोडदळ’. ज्या राज्याच्या साहाय्यासाठी ते उभे करण्यात आले, ते राज्य एका वर्षाच्या आत नाहीसे झाले. आणि ज्या पेशव्यांच्या महसुलातून त्याचा पगार निघणार होता, त्या पेशव्यांवरच या घोडदळाला भाले रोखावे लागले. ‘सहायक’ ही त्याची ओळख अल्पायुषी ठरली. परंतु त्या अल्पायुष्यात एका संपूर्ण व्यवस्थेचा हिशेब दडलेला आहे.

शिलेदार आणि बारगीर

हे घोडदळ समजून घेण्यासाठी आधी मराठी घोडदळाची जुनी घडी पाहिली पाहिजे. स्वार दोन प्रकारचे असत. बारगीर हा सरकारी घोड्यावर बसणारा. त्याचा घोडा पागेतला, हत्यार सरकारचे आणि वेतन ठरलेले. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा, स्वतःचे हत्यार आणि स्वतःचे कपडे घेऊन येणारा. त्याला मिळणारा मोबदला अधिक असे, कारण त्यात घोड्याचा खर्च धरलेला असे.

छत्रपती शिवाजी महाराजांचा कल बारगिरांकडे होता. सभासदाच्या बखरीत पागेची रचना सविस्तर दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी आणि पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी. दर पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. घोड्याच्या तहानेचा आणि नालेचा विचार ज्या व्यवस्थेत संख्येनिशी केलेला आहे, ती व्यवस्था किती बारकाईने उभारली असेल, हे वेगळे सांगायला नको. महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले हे इंदापूरच्याच लढाईत पडले असे परंपरा सांगते, आणि त्यांची गढी तेथे दाखवली जाते. म्हणजे या भागाचा आणि घोडदळाचा संबंध स्वराज्याच्याही आधीचा आहे.

पेशवाईत मुलूखगिरी वाढली, फौजा दूरदूर जाऊ लागल्या आणि शिलेदारांचे प्रमाण वाढले. राज्यकर्त्याच्या दृष्टीने ही पद्धत सोयीची होती, कारण घोडा विकत घेण्याचे भांडवल शिलेदार गुंतवीत असे. सरकारने मोहिमेच्या आरंभी ‘नालबंदी’ नावाची उचल द्यावी, मोहीम चालू असता पोटापुरता ‘रोजमुरा’ द्यावा आणि बाकीचा हिशेब मागाहून चुकता करावा, अशी रीत होती. मात्र या पद्धतीत एक मोठी जोखीम होती, आणि ती सगळी शिलेदाराच्या माथी होती. घोडा लढाईत पडला की त्याचे भांडवल बुडाले आणि त्याबरोबर त्याची नोकरीही गेली. आपला घोडा जपणारा शिलेदार भित्रा होता असे परकीय लेखकांनी कधीकधी सुचवले आहे. परंतु ज्याचे घर, शेत आणि उद्याची भाकरी त्या एका जनावरावर अवलंबून आहे, त्याने त्याला आंधळेपणाने तोफेच्या तोंडी का द्यावे, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही.

यात भर पडली ती थकबाकीची. हिशेब मागाहून चुकता होईल, हे आश्वासन वर्षानुवर्षे लांबू लागले. पगार तुंबला की सरदाराच्या दाराशी धरणे धरून बसलेले शिपाई हे अठराव्या शतकाच्या अखेरीस सर्वच दरबारांतील नेहमीचे दृश्य झाले होते.

बारामतीपासून वसईपर्यंत

इ.स. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांच्या फौजेने बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. त्याच महिन्यात, २५ ऑक्टोबरला, पुण्याजवळ हडपसरच्या मैदानावर पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेची वाताहत झाली. दुसरे बाजीराव पुणे सोडून निघाले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी वसई येथे इंग्रजांशी तह केला.

या तहातले दोन आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. कंपनीने पेशव्यांच्या रक्षणासाठी किमान ६,००० पायदळ कायमचे ठेवायचे आणि त्याच्या खर्चासाठी पेशव्यांनी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. याशिवाय युद्धाचा प्रसंग आला तर पेशव्यांनी स्वतःची राखीव फौज कंपनीच्या मदतीला द्यायची. तिची संख्या १०,००० घोडदळ आणि ६,००० पायदळ ठरली होती. पुढे ती कमी करून ५,००० घोडदळ आणि ३,००० पायदळ अशी करण्यात आली.

या दुसऱ्या कलमाचे वैशिष्ट्य असे की, ही राखीव फौज पेशव्यांच्या हाती राहणार होती. भरती त्यांची, सरदार त्यांचे, हुकूम त्यांचा. कंपनीला ती केवळ युद्धकाळी उपलब्ध व्हायची होती. व्यवहाराच्या भाषेत बोलायचे तर ही एक हमी होती. प्रसंग येईपर्यंत ती कागदावर राहते आणि हमी देणाऱ्याची मालमत्ता त्याच्याच ताब्यात असते. मात्र हमीचा कागद ज्याच्या हाती असतो, तो ती केव्हा आणि कशी वसूल करील, हे हमी देणाऱ्याच्या हाती उरत नाही. पेशव्यांना याचा अनुभव पंधरा वर्षांनी आला.

१३ जून १८१७

गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपूर येथे खून झाला. त्याचा ठपका पेशव्यांचे मर्जीतले कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर आला. त्रिंबकजींना इंग्रजांच्या हवाली करावे लागले. ठाण्याच्या किल्ल्यातून ते सप्टेंबर १८१६ मध्ये निसटले. त्यांना पेशव्यांचीच आतून फूस आहे, असा रेसिडेंट माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा आरोप होता. मे १८१७ मध्ये इंग्रजी फौजेने पुण्याला वेढा घातला आणि सिंहगड, पुरंदर व रायगड हे तीन किल्ले तारण म्हणून मागितले. पेशव्यांनी ते दिले. त्यानंतर १३ जून १८१७ रोजी पुण्याचा तह झाला.

या तहाने पेशव्यांनी मराठा मंडळाचे प्रमुखपद सोडले, इतर दरबारांत आपले वकील न ठेवण्याचे मान्य केले आणि गायकवाडांवरील जुने हक्क वार्षिक चार लाखांवर मिटवले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे कलम निराळे आहे. युद्धप्रसंगी द्यावयाची जी ५,००० घोडदळ आणि ३,००० पायदळ अशी राखीव फौज होती, ती यापुढे पेशव्यांनी ठेवायची नाही. तिच्याऐवजी ३४ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीला द्यायचा आणि तेवढी फौज कंपनी स्वतः उभी करील, असे ठरले. अहमदनगरचा किल्ला, उत्तर कोकण आणि धारवाड-कुसगल हे या देण्यात गेले.

आकड्यांचे गणित करून पाहिले तर ८,००० माणसांमागे ३४ लाख, म्हणजे माणशी वर्षाला सरासरी ४२५ रुपये आणि महिन्याला सुमारे ३५ रुपये पडतात. घोडेस्वार आणि पायदळ, शिवाय तोफा व दारूगोळा, यांचा खर्च सारखा नसतो, त्यामुळे ही केवळ सरासरी आहे. तरीही एक गोष्ट तीवरून स्पष्ट होते. कंपनीने युद्धप्रसंगीच्या संभाव्य जबाबदारीचे रूपांतर कायमच्या वार्षिक उत्पन्नात करून घेतले. वसईचे २६ लाख आणि पुण्याचे ३४ लाख मिळून १५ वर्षांत ६० लाख उत्पन्नाचा मुलूख कागदोपत्री फौजेच्या नावाने लिहून द्यावा लागला. खर्च पेशव्यांचा, फौज कंपनीची, अशी ही विभागणी होती.

या कलमाच्या अंमलबजावणीतून जे घोडदळ उभे राहू लागले, तेच पुणे सहायक घोडदळ. शिरूर-घोडनदीची छावणी या भागातील कंपनीच्या फौजेचे मोठे ठाणे होते. घोड्यासह नोकरीस येणारा स्वार, त्याचा स्वतःचा भाला आणि तलवार, वर मोजके गोरे अधिकारी अशी या नव्या पथकांची बांधणी होती. म्हणजे पद्धत शिलेदारीचीच होती. बदलला होता तो पगार देणारा हात.

दोन राखीव फौजा

येथे इतिहासाने एक विलक्षण योग जुळवून आणला. तह झाल्यावर पेशव्यांना आपले घोडदळ कमी करणे भाग होते. त्यांनी ते केलेही, निदान दिसायला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा जेम्स ग्रँट डफ त्या काळी दख्खनमध्येच होता. तो सांगतो की, कामावरून कमी केलेल्या स्वारांना काही महिन्यांचा पगार आगाऊ देऊन गावी पाठवण्यात आले आणि बोलावणे येताच हजर व्हावे अशी त्यांना आतून ताकीद होती. सरदार बापू गोखले यांच्याकडे तयारीसाठी एक कोटीहून अधिक रुपये देण्यात आल्याचेही तो लिहितो.

याचा अर्थ असा की, १८१७ च्या पावसाळ्यात दख्खनच्या खेड्यापाड्यांत दोन राखीव घोडदळे एकाच वेळी आकार घेत होती. एक उघड, कंपनीच्या हजेरीपटावर नाव असलेले. दुसरे गुप्त, आगाऊ पगार खिशात घालून, दसऱ्याची वाट पाहत आपापल्या अंगणात घोडा बांधून बसलेले. दोन्हींचा पैसा अखेर एकाच मुलखाच्या महसुलातून येत होता. दोन्हींचे घोडे एकाच पैदाशीचे होते. भीमा-नीरेच्या खोऱ्यातील घोडा राखून असलेल्या घराण्यांपुढे त्या पावसाळ्यात कोणता प्रश्न उभा राहिला असेल, याची कल्पना करता येते. एकीकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे धनी, त्यांची तुंबलेली बाकी आणि आता अचानक मिळालेली उचल. दुसरीकडे परके धनी, परंतु महिन्याच्या महिन्याला हाती पडणारा पगार.

आज या प्रश्नाकडे निष्ठा आणि फितुरी अशा दोनच शब्दांनी पाहण्याचा मोह होतो. तत्कालीन शिलेदाराच्या दृष्टीने तो त्याहून गुंतागुंतीचा होता. इमान ही दोन्ही बाजूंनी पाळायची गोष्ट असते. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी इमान राखावे हे शिलेदाराला ठाऊक होते; पण मीठ वेळेवर देणे हे धन्याचे इमान आहे, हे दरबार विसरला होता. नियमित वेतनाने माणसे जिंकता येतात ही गोष्ट कंपनीने ओळखली, आणि तिची किंमतही दरबाराच्याच तिजोरीतून वसूल केली.

खडकी आणि कोरेगाव

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या मैदानावर युद्धाला तोंड फुटले. ग्रँट डफच्या आकड्यांनुसार पेशव्यांकडे १८,००० घोडदळ आणि ८,००० पायदळ होते. लेफ्टनंट कर्नल बर याच्या हाताखाली सुमारे २,८०० माणसे होती. आगाऊ पगार देऊन गावी पाठवलेले स्वार परतले होते. बापू गोखल्यांनी घोडदळाचा मोठा हल्ला चढवला, परंतु मध्येच दलदलीची जमीन लागली आणि हल्ल्याचा वेग मोडला. मोरोपंत दीक्षित यांच्यासारखा मानी सरदार त्या दिवशी पडला. १७ नोव्हेंबरला पुणे इंग्रजांच्या हाती गेले.

सहायक घोडदळाची खरी कसोटी १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी कोरेगाव येथे लागली. कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन हा ३१ डिसेंबरच्या रात्री शिरूरहून पुण्याकडे निघाला. त्याच्याबरोबर मुंबई पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे ५०० शिपाई, मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा आणि लेफ्टनंट स्वॉन्स्टन याच्या हाताखालील अडीचशे ते तीनशे सहायक घोडेस्वार होते. रात्रभर चालून ही तुकडी सकाळी कोरेगावला पोहोचली, तेव्हा पलीकडे पेशव्यांची मोठी फौज उभी होती. तुकडीने गावाचा आश्रय घेतला.

पुढचा दिवस गल्लीबोळांतल्या हातघाईत गेला. या लढाईतील पायदळाच्या, आणि विशेषतः महार शिपायांच्या, शौर्याची नोंद कोरेगावच्या विजयस्तंभावर आहे. प्रतिवर्षी १ जानेवारीला तेथे मोठा जनसमुदाय अभिवादनासाठी येतो. घोडेस्वारांची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही. घोडेस्वाराचे बळ मोकळ्या मैदानात असते. मातीच्या भिंतींनी वेढलेल्या अरुंद गल्लीत त्याचा घोडा त्याला मदत करीत नाही. उलट तो एक मोठे, सहज टिपता येणारे लक्ष्य होतो. समोर भीमा वाहत असून दिवसभर तुकडीला पाणी मिळू शकले नाही. रात्रभर चाललेल्या घोड्यांची त्या दिवसाची तहान कशी असेल, याची कल्पना घोडा पाळणाऱ्यालाच यावी. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी नेमणारी ती जुनी दूरदृष्टी अशा वेळी आठवते.

रात्री लढाई थांबली. स्वॉन्स्टन जखमी झाला होता. सहायक घोडदळाचे जवळजवळ एकतृतीयांश स्वार मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले होते. शिलेदारी पद्धतीचा हिशेब ध्यानात घेतला तर या आकड्याचा अर्थ आणखी गडद होतो. प्रत्येक पडलेल्या घोड्याबरोबर कुठल्या तरी घराचे भांडवल संपले होते. आणि समोरच्या बाजूला पडलेल्या घोड्यांनाही तोच नियम लागू होता. दोन्हीकडे तेच तट्टू, तेच भाले आणि बहुधा तीच भाषा होती.

२० फेब्रुवारी १८१८ रोजी भीमेच्याच खोऱ्यात, आजच्या सोलापूर जिल्ह्यातील आष्टी येथे, बापू गोखले लढता लढता पडले. आगाऊ पगाराच्या त्या गुप्त राखीव फौजेचा खरा आधार तेथेच संपला. ३ जून १८१८ रोजी बाजीरावांनी सर जॉन माल्कम याच्यापुढे शरणागती पत्करली आणि वार्षिक आठ लाखांच्या नेमणुकीवर ते ब्रह्मावर्ताला गेले. पुण्याच्या तहाला त्या वेळी एक वर्षही पूर्ण झाले नव्हते.

पोशाखाची गोष्ट

‘सहायक’ या शब्दाला आता अर्थ उरला नाही, कारण ज्याला साहाय्य करायचे ते राज्यच उरले नव्हते. ५,००० घोडदळाचा तहातला आकडाही गळून पडला. या दलातून पुढे टिकून राहिले ते ‘पुणे इर्रेग्युलर हॉर्स’ या नावाचे रेजिमेंट. ‘इर्रेग्युलर’ याचा अर्थ बेशिस्त असा नव्हे. ज्यांना सरकार घोडा आणि पोशाख देत नाही, जे शिलेदारी पद्धतीने चालतात, असे स्वार हा त्याचा अर्थ.

नावाबरोबर पोशाखही बदलत गेला, आणि हा बदल मोठा बोलका आहे. मराठी शिलेदाराचा स्वतःचा असा पोशाख होता. तंग विजार, कापूस भरलेला किंवा दुहेरी कापडाचा अंगरखा, कमरेला घट्ट आवळलेला शेला, डोक्याला पागोटे. हातात लांब भाला, पाठीवर ढाल, कमरेला तलवार. रंग ज्याच्या त्याच्या ऐपतीचा आणि आवडीचा. कापूस भरलेला अंगरखा थंडीत ऊब देई आणि तलवारीचा उथळ वार अडवी. शेला कमरेला आधार देई, प्रसंगी जखम बांधण्यास किंवा विहिरीतून पाणी काढण्यास उपयोगी पडे. पागोटे हे शिरस्त्राणच होते. प्रत्येक वस्त्रामागे अनुभव होता.

इंग्रजी घोडदळाने हा पोशाख फेकून दिला नाही. त्याला एक रंग दिला. अंगरख्याचा ‘अल्खालक’ झाला, शेल्याचा ‘कमरबंद’ झाला आणि हा कमरबंद पुढे इंग्रजी शब्दकोशातही जाऊन बसला. पागोटे राहिले, मात्र त्याची बांधणी सर्वांची एकसारखी झाली. पुणे घोडदळाचा समारंभाचा पोशाख पुढे गडद निळा आणि त्यावर फिकट राखाडी-निळी पट्टी असा ठरला. गोऱ्या अधिकाऱ्यांनीही अशा पथकांत एतद्देशीय धाटणीचा वेष अभिमानाने घातला.

या पोशाखाची किंमत कोण देत असे, हा प्रश्न विचारल्यावाचून ही गोष्ट पूर्ण होत नाही. शिलेदारी रेजिमेंटमध्ये बंदूक आणि काडतुसे सरकारची असत. घोडा, खोगीर आणि कपडे यांचा भार स्वाराच्या पगारातून वळता होई. नव्याने दाखल होणाऱ्याने ठरावीक रक्कम भरून आपली ‘असामी’ घ्यायची, नोकरी सोडताना ती परत मिळवायची. घोडा मेला तर सर्वांच्या वर्गणीच्या निधीतून नव्या घोड्यासाठी साहाय्य व्हायचे. जुन्या शिलेदाराने एकट्याने सोसलेली जोखीम येथे सर्वांत वाटली गेली. आजच्या भाषेत ही सहकारी पतपेढी आणि विमा यांची जोडच होती. मराठी शिलेदारीत जी त्रुटी होती, तिच्यावरचा हा उपाय होता. आणि तो एखाद्या मोठ्या सिद्धांतातून नव्हे, तर काटेकोर जमाखर्चातून निघाला होता. पहिल्या महायुद्धात समुद्रापार हजारो घोडे पुरवण्याची वेळ आली, तेव्हा मात्र ही पद्धत अपुरी पडली आणि १९२१ च्या सुमारास ती बंद झाली. ‘शिलेदार’ हा शब्द मराठी फौजेतून इंग्रजी फौजेत गेला होता. तेथे शंभर वर्षे राहून तो निवृत्त झाला.

नाव उरले

पुण्याच्या या घोडदळाने पुढे दूरच्या मोहिमा पाहिल्या. १८५७ च्या फेब्रुवारीत इराणमधील खुशाब येथील लढाईत त्याने शत्रूचे एक निशाण जिंकले. त्या निशाणाच्या टोकावरील चांदीचा पंजा रेजिमेंटने सन्मानचिन्ह म्हणून जपला. काळाच्या ओघात त्यातील भरती बदलली. इंग्रजांनी ‘लढवय्या जाती’ची आपली कल्पना लागू केली आणि पुण्याचे नाव लावणाऱ्या या दलात राजपूत व कायमखानी स्वार प्रामुख्याने दिसू लागले. १९२१ मध्ये दोन जुनी रेजिमेंटे एकत्र करून नवे दल झाले. तेच आजचे ‘१७ पूना हॉर्स’. घोड्यांच्या जागी रणगाडे आले. १९६५ मध्ये लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि १९७१ मध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी याच दलात परमवीरचक्र मिळवले, दोघांनीही मरणोत्तर. ज्या दलाचा जन्म एका स्वतंत्र राज्याचे हात बांधण्यासाठी झाला, त्याच दलाने स्वतंत्र भारताच्या सीमेवर असे बलिदान दिले. इतिहासात एखाद्या संस्थेचा जन्म तिच्या हेतूवरून ठरतो, परंतु तिचे मोल तिच्यातली माणसे पुढे काय करतात यावरून ठरते.

आणि भीमथडीचे तट्टू? घोडदळाची मागणी संपल्यावर त्याच्याकडे कोणाचे लक्ष राहिले नाही. त्याला सांभाळले ते धनगरांनी. मेंढरांचा वाडा घेऊन पावसाळ्यामागे फिरणारे धनगर आपले बिऱ्हाड, भांडीकुंडी, कोकरे आणि लहान मुले या घोड्यांच्या पाठीवर लादून वाटा तुडवीत राहिले. कोणत्याही सरकारी पागेची किंवा निधीची मदत नसताना ही पैदास त्यांनी दोनशे वर्षे टिकवून धरली. जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेने ‘भीमथडी’ची स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंद केली, आणि या प्रयत्नांत बारामती परिसरातील घोडेपालकांचा वाटा मोठा होता.

इंदापूर-बारामतीच्या रस्त्यावर दिवाळीनंतर आजही असा एखादा वाडा आडवा येतो. पुढे मेंढरे, मागे कुत्री आणि मध्ये पाठीवर संसार घेऊन शांतपणे चालणारी दोन-तीन बुटकी घोडी. मोटारी थांबतात, कोणी भोंगा वाजवतो. त्या घोड्यांच्या पूर्वजांवर दोन सत्तांनी एकाच वेळी पैसा लावला होता. दोन्ही सत्ता गेल्या. ज्यांनी त्यांना रोजचा चारा आणि पाणी दिले, त्यांच्याबरोबर ती आजही चालत आहेत.